भवानीच्या आधीची हाक

जनाबाई कोळीण कुठे निवांत टेकलेली मी कधी पाहिली नव्हती. आमच्या ओटीवर मासळीची पाटी उतरवली तरी ती उकिडवीच बसायची, उठायच्या तयारीत. कोळंबीचे वाटे करताना तोंड चालू, डोळे रस्त्यावर, आणि सौदा पटतो न पटतो तोच पाटी पुन्हा डोक्यावर. माझी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवाने हिला खाली पाठवलंय. चेंदणीच्या कोळीवाड्यातून ती निघायची, मासुंदा तळ्याला वळसा घालून टेंभी नाक्यापासून पुढची सगळी घरं उरकायची, आणि आमच्यासारख्या कायस्थांच्या घरांत तिचा शब्द घरच्या सुनांपेक्षा जास्त चालायचा. कोणाच्या जावयाला पापलेटाशिवाय घास उतरत नाही आणि कोणाचा सुकटीवर भागवता येतो, हे तिला तोंडपाठ होतं. भाव जास्त वाटला म्हणून कोणी नाक मुरडलं तर ती सरळ म्हणायची, "मंग डाळ खा."

मी विश्राम, ठाण्याच्या कोर्टात वकिली करतो. ही हकिगत घडली तेव्हा माझी सनद नवी होती आणि पक्षकार जुने, म्हणजे वडिलांकडून उरलेले. जनाबाई मला मी रांगत होतो तेव्हापासून ओळखत होती. त्यामुळे मी काळा डगला चढवून, पगडी सावरून बाहेर पडलो तरी तिच्या लेखी मी 'दादा'च, आणि तोही अरेतुरेतला. मला याचा राग यायचा. राग येतो हे तिला कळलं होतं, म्हणून ती रस्त्यात चार माणसांसमोर जरा जास्तच मोठ्याने हाक मारायची.

बाई धीट, पण एका बाबतीत भित्री. दिवसाची भवानी, म्हणजे पहिली विक्री, होईपर्यंत तिला कोणी मागून हाक मारायची नाही. मारलीच तर ती वळायची नाही. मागच्या हाकेला वळलं की पाटी जशीच्या तशी घरी येते, असा तिचा पक्का समज. तो थोडाफार सगळ्याच कोळणींत होता, पण हिचा जरा अतीच. तिच्या मोरूचं लग्न झालं आणि सून सरस्वती दुसरी पाटी घेऊन तिच्या मागून फिरू लागली, त्या नव्या दिवसांत एकदा सासूच्या पाटीतून बोंबील घसरून रस्त्यावर पडला. पोरीने "आई" अशी हाक मारली. जनाबाईने भर तळ्याकाठी पाटी उतरवून तिची अशी खरडपट्टी काढली की धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत राहिल्या. त्या दिवशी मासळीही खपली नाही म्हणे. हा किस्सा ती घरोघर कौतुकाने सांगत असे. "तवापासून माजी सून तोंड शिवूनशी चालते," म्हणायची. आमच्या ओटीवरही तिने तो सांगितला होता. माझी बायको सुमती सूप हातात धरून हसत होती, आणि मी आत कुठलासा दावा वाचत होतो, त्यामुळे माझ्या कानांवर तो पडून तसाच बाहेर गेला.

आता दुसऱ्या बाजूचे गृहस्थ. हरिहरपंत कल्याणचे, सरकारी नोकरीतून पेन्शन घेतलेले, सोवळेओवळे पाळणारे आणि मनाने चांगले. जमिनीच्या एका कामासाठी त्यांना ठाण्याला कलेक्टर कचेरीत खेटे घालावे लागत. आगगाडी होती, पण शेजारी कोण येऊन बसेल याचा नेम नाही, म्हणून ते आपल्या छकड्यातून यायचे, शीळच्या फाट्यावरून मुंब्र्याच्या डोंगराखालून. बैलजोडी देखणी. तिच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा आधी ऐकू यायच्या आणि छकडा मागून दिसायचा. टेंभी नाक्यावरची पोरंसोरं आवाजावरूनच सांगायची, पंत आले. पण त्या साली पंतांच्या मातोश्री वारल्या. वर्षभर घरात वाजतंगाजतं काही नको, असं पंतांनी ठरवलं, आणि बैलांच्या माळाही उतरवून ठेवल्या.

एका सकाळी पंतांना उशीर झाला. गाडीवान काळुरामला त्यांनी घाई केली आणि त्याने बैल पिटाळले. टेंभी नाक्याच्या वळणावर रस्त्यावर नवी माती टाकली होती. चाकं मऊ मातीत, बैल मुके. पुढे जनाबाई रस्त्याच्या मधून चाललेली, कोळंबी घ्या म्हणून ओरडत, आणि जरा मागे कडेने सरस्वती. छकडा वळणावरून आला, सरस्वतीच्या अंगाला घासून पुढे गेला आणि जनाबाईला जुवाचा धक्का बसला. ती पडली. चाक तिच्या पायावरून गेलं. कोळंबी सगळ्या रस्त्यावर झाली, आणि लोक धावले ते काही आधी बाईकडे धावले नाहीत, एवढंच सांगतो.

हाडवैद्याने पाय बांधला. पाय जुळला, पण वाकडा. जनाबाई खाटेवर पडली, आणि मग कोळीवाड्यात जे सुरू झालं त्याला आजारपण म्हणावं की शिक्षा, ते मला ठरवता आलं नाही. तिला पडून राहता येईना. ती खाटेच्या सुंभाला नखांनी ओरबाडायची, बरा पाय आपटायची, दारावरून जाणाऱ्या प्रत्येक पाटीतलं काय ते विचारायची, आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या बाईला हाक मारायची. तिचा नवरा नामा शांत माणूस, जाळी विणत बसणारा. तोही वैतागून दिवसभर खाडीवर जाऊन बसू लागला.

दावा तिनेच घालायला लावला. "मना भरपाई पायजे," ती मला म्हणाली. "फिरायला तर आता व्हायचा नाय. बाजारात बसायची जागा घेतंय. बसूनशी इकीन." बसून विकीन, हे शब्द तिच्या तोंडून निघताना तिचा चेहरा पाहवेना.

कायदा समजून सांगायला मी तिच्या झोपडीत गेलो. प्रश्न सरळ होता. गाडीवानाने रस्त्यावर घ्यायला हवी तेवढी काळजी घेतली का? नसेल घेतली तर तो ज्याच्या चाकरीत, त्या मालकाने भरपाई द्यायची. पण ज्याला लागलं त्याच्याच चुकीने ते घडलं असं ठरलं, तर त्याच्या पदरात काही पडायचं नाही. अर्धी चूक तुझी, अर्धी त्याची, अशी वाटणी तेव्हा कोर्ट करत नसे. आमच्या बाजूने घुंगरं काढलेली होती आणि वळणावर बैल पळवले होते. त्यांच्या बाजूने काळुराम म्हणत होता, मी 'बाजूला, बाजूला' म्हणून घसा फोडून ओरडलो, बाई ऐकेचना.

"ओरडला का तो?" मी विचारलं.

"मना नाय काय ऐकू आला."

"मग सरस्वतीची साक्ष हवी. ती मागे होती. तिने ऐकलं असेल."

जनाबाईने मान वळवून सुनेकडे पाहिलं. सरस्वती चुलीपाशी पाठ करून बसली होती. जनाबाई मला ऐकू येईल आणि सुनेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिना सगला बघितला दादा. गारी तिच्या अंगावरनं गेली. यक हाक मारली असती तं माजा पाय वाचला असता. ती कनाला नाय ओरडली, ता तिला इचार."

मी विचारलं नाही. मला साक्ष हवी होती, घरचं भांडण नको होतं. पण कोळीवाडा विचारतच होता. सासूला मारायला निघालेली सून, असं बायका पाणवठ्यावर बोलू लागल्या होत्या. नामाने मोरूला सांगून टाकलं होतं की कोर्टात पोरीचं काळंबेरं निघालं तर तिला माहेरी नेऊन घालायची. मोरू होडीवरून यायचा, जेवायचा, बायकोकडे न बघता पुन्हा होडीवर जायचा. सरस्वती कोणाला काही बोलत नव्हती. रोज दोघींच्या वाट्याच्या पाट्या विकत होती, सासूचा पाय शेकत होती, आणि सासू तिच्या हाताला झिडकारत होती.

सुनावणीच्या दिवशी जनाबाईला दोघांनी उचलून कोर्टात आणलं. जज्जसाहेब आपले मराठी, वयस्क, तपकिरीचे शौकीन. त्यांनी तिला खाली भिंतीशी पाय पसरून बसायची परवानगी दिली. ती बसली कसली. पट्टेवाल्याने दोनदा गप्प केलं, तरी तिची बोटं फरशीवर चालूच. हरिहरपंत समोर खुर्चीवर, मांडीवर पागोटं घेऊन, कोणाच्या नजरेला नजर न देता.

काळुरामची साक्ष मी बरी फोडली. घुंगरं कोणी काढायला सांगितली, तर मालकाने. बैल का पळवले, तर मालकाला घाई. ओरडलास कधी, वळणाआधी की वळण घेतल्यावर, या प्रश्नावर तो अडखळला आणि शेवटी म्हणाला, बाई समोर दिसली तेव्हा. म्हणजे बैल तिच्या पाठीला लागले तेव्हा. मी खाली बसलो तेव्हा मला माझाच अभिमान वाटत होता. असा अभिमान वाटला की समजावं, पुढे खड्डा आहे.

मग सरस्वती. शपथ घेतली. मी विचारलं, गाडीवान ओरडला का? तिने सांगितलं, नाही, आई पडल्यावर ओरडला. मी समाधानाने खाली बसलो, आणि पंतांचे वकील भाऊ उठले. भाऊ वयाने मोठे, गोड बोलणारे, आणि त्यांचं गोड बोलणं ऐकून ठाण्यातले साक्षीदार घाम पुसायचे.

"तू छकडा येताना पाहिलास?"

"पायला."

"सासू मधून चाललेली पाहिलीस?"

"पायली."

"तुला हाक मारायला वेळ होता?"

"व्हता," ती म्हणाली.

"मग का नाही मारलीस, बाळ? सासू नकोशी झाली होती का?"

कोर्टात कोळीवाडा भरला होता. सगळ्यांना याच प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि भाऊंना ते ठाऊक होतं. त्यांचा डाव मला तेव्हा कळला. साक्षीदार सासूच्या वाइटावर आहे असं ठरलं की तिची सगळीच साक्ष पडली. मी हरकत घ्यायला उठलो, पण जज्जसाहेबांनी हाताने बसवलं. नामा मान खाली घालून उभा होता. मोरू दाराशी होता, तो आत आला.

सरस्वतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग ती जज्जसाहेबांकडे न बघता सासूकडे बघत म्हणाली, "भवानी झाली नव्हती."

जज्जसाहेबांना काही कळलं नाही. त्यांनी विचारलं, म्हणजे काय? तिला सांगता येईना. तेवढंच पुन्हा म्हणाली. "भवानी व्हयाच्या आधी आईला पाठून हाक मारायची नाय. आईना सांगितलंय." आणि मग हळूच, "मी तोंड उघडला व्हता. आवाज नाय निंगाला."

मी जनाबाईकडे पाहिलं. तिची बोटं थांबली होती. इतक्या वर्षांत ती अशी स्थिर झालेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि मला ते आवडलं नाही.

भाऊ हसले. "साहेब, ही गोष्ट आत्ताच निघाली. तपासात नाही, घरात नाही, सासूला सुद्धा ठाऊक नाही. ही रचलेली आहे. वादीलाच विचारा. वादी म्हणेल, मी असं कधी सांगितलं नाही."

भाऊंनी सापळा फार सफाईने लावला होता. जनाबाई नाही म्हणाली तर सून खोटी आणि वैरीण, आणि तिची साक्ष गेली तरी काळुरामचा अडखळलेला जबाब माझ्या हातात उरत होता. दावा कदाचित जिंकताही आला असता. ती हो म्हणाली तर चूक तिच्याच घरात, तिच्याच तोंडची, आणि दावा बुडाला. मी तिचा वकील. मी तिच्याकडे डोळे रोखून मान किंचित हलवली. नाही म्हण, इतकंच. कोर्टात गेलेल्या कोणालाही ती खूण कळते.

तिला कळली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मापात खोट करताना सापडलो होतो.

"सायेब," ती म्हणाली, "पोर खरा बोलतेय. मीच सांगितलेलं. तल्यावर, चार बायकांसमोर सांगितलेलं. गावभर सांगत फिरली मी, या दादाच्या ओटीवर पन सांगितला." मग ती एकदम सुनेवरच उखडली. "मंग इतकं दिवस का नाय बोल्लीस गो? मी तुला काय काय बोल्ली."

"मना वाटला, तुमाला म्हाईत हाय," सरस्वती म्हणाली.

जनाबाईने तोंडावर पदर घेतला. ती रडत होती की नाही मला दिसलं नाही, पण तिचे खांदे हलत होते. जज्जसाहेबांनी तपकिरीची डबी उघडली आणि न ओढता मिटली.

भाऊंना अजून एक प्रश्न हवा होता. "आणि सुनेने हाक मारली असती, तर तू वळली असतीस?"

इथे तरी तिने 'हो' म्हणावं, असं मला मनापासून वाटलं. एक शब्द, आणि थोडीफार वाट उरली असती. तिने पदर खाली केला.

"नसती वलली," ती म्हणाली.

दावा काढून टाकला. जज्जसाहेबांनी निकालात लिहिलं की घुंगरांशिवाय आणि वेगाने वळणावर गाडी आणणं ही गाडीवानाची आणि मालकाची हयगयच आहे. परंतु वादीने मागून येणारी सूचना न ऐकण्याचा नियम स्वतःच घालून घेतला होता आणि दुसऱ्यांनाही घातला होता, सबब भरपाई देता येत नाही. दोन्ही बाजूंनी आपापला खर्च सोसावा. मला तिचा भयंकर संताप आला होता. इतका चांगला चाललेला दावा तिने स्वतःच्या हाताने खाडीत बुडवला. आणि त्याच संतापात मला तिचे पाय धरावेसे वाटत होते, तेही खोटं नाही.

बाहेर पायऱ्यांपाशी तिला उचलून न्यायला माणसं खोळंबली होती. हरिहरपंत जवळ आले. त्यांनी काही मोठं भाषण केलं नाही. म्हणाले, "बाई, उद्यापासून माळा बांधतो. दुखवटा मला होता, बैलांना नव्हता." मग जरा अडखळत म्हणाले, "आमच्या गाडीतून सोडू का घरी?"

"तुज्या गारीत?" जनाबाई म्हणाली. "यकदा गारीखाली आयली, तवराच पुरं."

पंत हसले नाहीत, पण गेले तेव्हा मान जरा वर होती. मोरूने आईला पाठीवर घेतलं. सरस्वती मागे राहिली, नेहमीच्या सवयीने. तेव्हा नामा, जो कोर्टात एक अक्षर बोलला नव्हता, तो बाजूला सरकला आणि सुनेला म्हणाला, "पोरी, म्होरं चल."

पावसाळा सरला. जनाबाईला बाजारातली जागा मिळाली नाही, पण ती घरीही बसली नाही. काठी घेऊन लंगडत सुनेबरोबर निघू लागली. पाटी आता सरस्वतीच्या डोक्यावर असे आणि सासू मागून, तोंड चालू, काठी चालू. एका सकाळी मी कोर्टाला निघालो होतो आणि टेंभी नाक्याच्या त्या वळणावर दोघी माझ्या पुढे चालल्या होत्या. भवानी व्हायची होती, कारण सरस्वतीच्या डोक्यावरची पाटी अजून काठोकाठ होती. रस्ता रिकामा होता. छकडा नाही, बैल नाही, कुत्रंसुद्धा नाही.

जनाबाई थांबली. काठीवर भार दिला आणि मोठ्याने ओरडली, "सरस्वती!"

सरस्वती जागच्या जागी उभी राहिली. वळली नाही. इतक्या दिवसांची सवय, मान हलेना. पाटीला लावलेला हात घट्ट झालेला मला मागून दिसला.

"सरस्वती, तुलाच बोलतंय गो!"

तेव्हा ती वळली, पाटीसकट, हळूहळू. चेहरा घाबरलेला. "काय आई?"

"काय नाय," जनाबाई म्हणाली. "चल."

मला वाटलं, म्हातारीला त्या दिवशी लहर आली असेल. पण ती रोज तिथेच ओरडू लागली, त्या वळणावर, पहिल्या विक्रीच्या आधी. सुरुवातीला दुकानदार बघायचे, मग बघेनासे झाले. मासळी कधी खपायची, कधी नाही, सगळ्यांचीच तशी असते. मी एकदा तिला विचारलं, रोज कशाला हाक मारतेस, पोर आता वळते ना?

"वलते," ती म्हणाली. "पन भवानीच्या आधी माजा आवाज निंगतो का, ता बी बघाया पायजे."